कवायत मास्तरांचा टाका

माणिकराव खंडारे यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे कागदोपत्री जे दिसणार आहे ते याच्या बरोबर उलट आहे, आणि आपल्याकडे माणूस काय आहे यापेक्षा कागद काय म्हणतो याला वजन जास्त.

माणिकराव इंझोरीच्या शाळेत एकतीस वर्षं कवायतीचे मास्तर होते. निवृत्त होऊन वाशिमकडच्या मालेगावात राहायला आले तेव्हा त्यांच्यापाशी एक शिटी, दोन ट्रॅकपँटी आणि लोकांना सरळ उभं करायची अनावर इच्छा एवढं शिल्लक होतं. पहिले दोन महिने त्यांनी स्वतःला आवरलं. तिसऱ्या महिन्यात भाजी बाजारात एक अनोळखी गृहस्थ पोक काढून वांगी निवडत होते, त्यांना माणिकरावांनी मागून "छाती पुढे, खांदे मागे" असा हुकूम सोडला. गृहस्थ दचकून सरळ झाले. मग वळून जे बोलले ते बेबीताईंनी नवऱ्याच्या शेजारी उभं राहून ऐकलं.

घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "आवो, एखादा वर्ग काढा. नाईतर एक दिवस मार खासान."

तिथून सगळं सुरू झालं.

वर्गाचं नाव 'प्रभात तंदुरुस्ती वर्ग' असं माणिकरावांनी ठरवलं. शेजारचा धम्मरत्न, जो विम्याचं काम करतो आणि म्हणून गावातल्या प्रत्येकाच्या मरणाची काळजी त्याला प्रत्येकापेक्षा जास्त असते, तो म्हणाला, "मास्तर, तंदुरुस्ती म्हनलं की लोकायले सरकारी दवाखाना आठवते. फिटनेस म्हना. आन तुमचा एक फोटो टाका फलकावर, दंड दाखवून." माणिकरावांनी आरशासमोर जाऊन दंड दाखवून पाहिला. फोटोचा विचार मागे पडला.

अडचण जागेची होती. ऑक्टोबर महिना. मोकळं मैदान म्हणून जे काही गावात होतं त्यावर सोयाबीन वाळत पडलेलं. रस्त्याच्या कडेला सोयाबीन, देवळाच्या पटांगणात सोयाबीन. माणिकरावांनी एक दिवस एका ढिगाच्या कडेकडेने धावून पाहिलं, तर ढिगाच्या मालकाने दगड उचलला. राहिलं एक सार्वजनिक सभागृह. ते ज्या कचेरीच्या ताब्यात होतं तिचं नाव इथे घेत नाही, कारण माणिकरावांना अजून तिथे जावं लागतं.

कचेरीत जगदेव नावाचे बाबू होते. कोणाचं काम अडवणं त्यांच्या जिवावर यायचं आणि करणं त्याहून जास्त जिवावर यायचं. त्यांनी अर्ज काढला, चष्मा पुसला आणि बोट फिरवत वाचलं, "शिवणकाम, हस्तकला, संगणक, स्पर्धा परीक्षा. व्यायाम नाई याच्यात."

"मग खाली लिहा ना हातानं," माणिकराव म्हणाले.

"मी कसा लिहू? छापील कागद हाय. वरून आलेला."

मग जगदेवांना माणसाची दया आली, आणि माणिकरावांचं खरं नुकसान तिथेच झालं. "शिवनाले बाया लागतात," ते म्हणाले. "संगनकाले संगनक लागते. हस्तकलेची जागा रिकामी हाय. तुमी वर्गात काय करता?"

"हात वर, हात बाजूले, हात खाली."

"मग झालं तर. हाताचीच कला हाय ते," असं म्हणून जगदेवांनी शिक्का मारला.

माणिकरावांनी सही केली. घरी जाताना त्यांना वाटलं की आपण सरकारला फार चतुराईने गुंडाळलं.

पहिला आठवडा सोन्याचा गेला. सकाळी सहाला नऊ पुरुष हजर. त्यांत अडत दुकानवाले बाबूसिंग होते. त्यांनी स्वतःच्या पायाची बोटं कित्येक वर्षांत उभ्याने पाहिली नव्हती. माणिकरावांची शिटी सभागृहात अशी घुमायची की समोरच्या चहावाल्याने दूध उतू जाऊ दिलं आणि भांडण काढलं. पण भांडणाऱ्यालाही माणिकरावांनी आधी सरळ उभं केलं आणि मगच ऐकून घेतलं. कित्येक महिन्यांनी त्यांना नीट भूक लागली.

दुसऱ्या सोमवारी कचेरीने नियमाप्रमाणे सभागृहाच्या दारावर फलक लावला. 'हस्तकला प्रशिक्षण. प्रशिक्षक : श्री. माणिकराव खंडारे.' अक्षरं ठळक होती. लांबून, अगदी वाशिमच्या बसमधूनही वाचता यावी अशी.

मंगळवारी सहा बाया आल्या. पुढे अंगणवाडीच्या मंजुषाताई, हातात लोकरीचा गुंडा आणि दोन सुया. आत नऊ पुरुष पाठीवर पडून पाय हवेत फिरवत होते. मंजुषाताईंनी नजर छताकडे लावून विचारलं, "सर, पर्स शिकवून राह्यले ना? का आदी हेच करा लागते?"

माणिकराव म्हणाले की काहीतरी घोटाळा आहे, आपण नंतर या. बाया गेल्या, पण गप्प गेल्या नाहीत. दुपारपर्यंत गावात दोन बातम्या होत्या. एक, खंडारे मास्तर लोकरीचं काम फार सुंदर करतात पण बायांना शिकवायला लाजतात. दुसरी बातमी लिहिण्यासारखी नाही. किराणा दुकानदाराने त्यांना साखर बांधून देताना लग्नातल्या रुखवताचं काही जमेल का, असं अगदी अदबीने विचारलं. ज्या माणसाच्या एका आवाजावर चारशे पोरं काटकोनात वळत होती, त्याला रुखवत विचारलं. त्या रात्री माणिकराव जेवले नाहीत, म्हणजे एक भाकर कमी जेवले.

त्याच आठवड्यात कचेरीचं पत्र आलं. नियम सात : वर्ग सुरू झाल्यापासून तीस दिवसांनी तपासणी होईल, प्रशिक्षणार्थींनी स्वतः केलेल्या किमान पंधरा वस्तू मांडाव्यात, अन्यथा सभागृह काढून घेण्यात येईल.

"हे तुमी आदी काहून नाई सांगतलं?" माणिकरावांनी जगदेवांना विचारलं.

"तुमी मांगच्या पानावर सही केली ना," जगदेव म्हणाले. "मले वाटलं, मास्तर मानूस हाय, वाचलं असन."

सल्ल्यांना तोटा नव्हता. धम्मरत्न म्हणाला, अकोल्याला तयार तोरणं ढिगाने मिळतात, पंधरा आणू, लेबलं कापू, काम खतम. बाबूसिंग म्हणाले, आपण नऊ जण घाम गाळतो तोच मांडू. माणिकरावांना तोरणांचा सल्ला पटला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तो त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मोठ्याने पटवून घेतला, आणि आत बेबीताई भाकरी थापत होत्या.

"एकतीस वर्सं पोरायच्या कॉप्या पकडल्या तुमी," बेबीताई तव्याकडे पाहूनच म्हणाल्या. "आता तुमी करसान का?"

मग त्यांनीच मार्ग सांगितला. मेडशीजवळच्या तांड्यावर कमलीबाई आडे म्हणून होत्या. बंजारी भरतकाम, त्यात लहान लहान आरसे आणि कवड्या बसवलेल्या. बचत गटाच्या मेळाव्यात बेबीताईंनी ते काम पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी नवराबायको एसटीने मेडशीला उतरले आणि तुरीच्या शेतांमधून चालत तांड्यावर गेले.

तांडा जवळजवळ रिकामा होता. दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला जातात. दारांना कुलपं, अंगणात एखादी कोंबडी. कमलीबाई ओट्यावर उकिडव्या बसून कापड भरत होत्या. वय साठीच्या पुढे, पाठ मात्र अशी सरळ की माणिकराव क्षणभर आपलं काम विसरून त्या पाठीकडेच पाहत राहिले.

"तुमी नाई गेल्या?" बेबीताईंनी विचारलं.

"यंदा मुकादमानं नाई नेलं," कमलीबाई म्हणाल्या. "म्हने, बुढी झाली. चाळीस वर्सं मोळी उचलली, तवा नोतो मी बुढी. सून गेली, चंदा. मी हावो इथं. कोंबड्या राखून राह्यलो."

त्यांनी हे रडत सांगितलं नाही. दात लावून दोरा तोडावा तसं सांगितलं. माणिकरावांना आपला निवृत्तीचा नारळ आठवला आणि ते उगीच खाकरले. मग त्यांनी आपली अडचण मांडली : पंधरा वस्तू हव्यात, आपल्याकडे तयार असतीलच, काही दिवसांसाठी दिल्या तर.

"मी केलेलं तुमच्या नावावर काहून?" कमलीबाईंनी विचारलं.

माणिकरावांनी उगीच खिशातली शिटी चाचपली.

"शिकवीन," त्या म्हणाल्या. "पन ज्याचं नाव वहीत, त्याच्या हातात सुई. मंग तो कोनी असो. हे कबूल असन त उद्याच्या पहिल्या बसनं येतो."

वहीत नऊ पुरुष होते. आणि सर्वांत वर, प्रशिक्षक म्हणून, दहावं नाव होतं.

मालेगावच्या इतिहासात त्यानंतरचे अडीच आठवडे कोणी लिहून ठेवले नाहीत, हे एका परीने बरंच झालं. सहा ते साडेसहा कवायत. साडेसहाला शिटी वाजायची आणि नऊ धिप्पाड पुरुष सतरंजीवर बसून कापडावर वाकायचे. दोघांनी दुसऱ्याच दिवशी कंबर धरल्याचं कारण सांगितलं. एकाच्या बायकोने येऊन, हे घरी बटण लावत नाहीत आणि इथे आरसे कसे लावतात, म्हणून सगळ्यांदेखत झापलं आणि जाता जाता स्वतःचंही नाव वहीत घातलं. मंजुषाताई आणि त्यांच्या बाया परतल्या, आणखी चार घेऊन आल्या, आणि पुरुष पाय हवेत फिरवत असले तरी आता छताकडे पाहीनाशा झाल्या.

सगळ्यांत चांगला हात निघाला बाबूसिंगांचा. ज्या बोटांनी ते मुठीत तुरीचा दाणा पारखायचे त्याच जाड बोटांनी त्यांनी चार दिवसांत असा नेटका आरसा बसवला की कमलीबाईंनी तो सगळ्या वर्गात फिरवून दाखवला. बाबूसिंग लाजले. दुकानात गल्ल्यामागे बसूनही ते टाके घालू लागले, आणि शेतकऱ्यांना वाटलं की शेठ काहीतरी लपवतात.

सगळ्यांत वाईट हात कोणाचा, ते वर आलंच आहे. माणिकरावांचा दोरा ओवेपर्यंत बाकीच्यांची एक ओळ होत असे. चष्मा लावला की सुई दिसायची पण कापड पुसट व्हायचं, काढला की उलट. त्यांनी बसवलेला आरसा उठून उभं राहताच खाली पडायचा. कमलीबाई यायच्या, कापड उलटं करून पाहायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "मास्तर, उसवा."

उसवा. रोज उसवा. एकतीस वर्षं ज्याने "पुन्हा करा" म्हटलं त्याला आता रोज तेच ऐकावं लागत होतं, तेही धम्मरत्नच्या देखत, जो विमा विकायला म्हणून यायचा आणि वर्ग संपेपर्यंत दारात उभा राहून हसायचा. एक दिवस चिडून त्यांनी कापड खाली ठेवलं आणि विषय बदलावा म्हणून विचारलं, "बाई, तुमी तासभर उकिडव्या बसता आन हात न टेकवता उठता. कोनता व्यायाम करता?"

कमलीबाईंनी थोडा विचार केला. "व्यायाम म्हन्जे काय ते मले मालूम नाई. मोळी डोक्यावर असली की हात टेकवाले जागा नसते."

दुसऱ्या दिवसापासून माणिकरावांनी कवायतीत ते उठणं-बसणं घातलं. नऊपैकी तिघांना जमलं. मास्तरांना जमलं नाही.

हळूहळू एक गोष्ट त्यांच्या ध्यानात येऊ लागली, आणि ती त्यांना फारशी आवडली नाही. लोक सहाला येत ते आता साडेसहासाठी येत. शिटी वाजली की सुटका झाल्यासारखे बसत. कमलीबाई पहिल्या आठवड्यात दाराशी बसायच्या, आता मधोमध बसत. मंजुषाताई त्यांना 'मॅडम' म्हणू लागल्या होत्या. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा कमलीबाईंनी मागे वळून पाहिलं होतं, कोण आलं म्हणून.

तिसावा दिवस उजाडला. टेबलावर एकोणीस वस्तू मांडल्या. पिशव्या, तोरणं, बाबूसिंगांचा उशीचा अभ्रा. त्यांच्याखाली टेबलावर सगळ्यांच्या हातचे तुकडे जोडून केलेली एक लांब पट्टी अंथरली होती. तिच्या शेवटच्या टोकाला एक चौकोन रिकामा होता, तो माणिकरावांचा. तपासणीच्या मॅडम वाशिमहून अकराला येणार होत्या, तेव्हा ते दहाला निवांत खुर्चीवर बसले, पट्टीचं टोक मांडीवर घेतलं, चष्मा नाकाच्या मध्यावर, जिथून सुई आणि कापड दोन्ही थोडं थोडं दिसायचं, तिथे टेकवला आणि आरसा बसवायला घेतला. त्या दिवशी हात कसा कोण जाणे लागला. टाका ओढला की बसत होता. माणिकराव रंगून गेले. इतके, की सुई कापडातून निघून आणखी कशाकशातून जाते आहे हे त्यांना कळलं नाही.

मॅडम सव्वादहालाच आल्या. मागे जगदेव, हातात कागद.

माणिकराव सवयीने ताडकन उठले आणि टाचा जुळवल्या. त्यांच्यासोबत पट्टीही उठली. पट्टीवरच्या पिशव्या, तोरणं, मॅडमसाठी भरून ठेवलेला तांब्या आणि बिस्किटांची बशी, सगळं एका ओळीत, कवायतीत शोभेल अशा शिस्तीने त्यांच्याकडे सरकत आलं आणि खाली गेलं. तांब्या शेवटी पडला आणि जगदेवांच्या पायापर्यंत गडगडत गेला. माणिकराव ट्रॅकपँटच्या गुडघ्यापाशी पट्टीला पक्के शिवले गेले होते.

कोणी हसलं नाही. हसण्याच्या पलीकडची गोष्ट होती ती.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. भिजलेली पट्टी गुडघ्याला लोंबत असताना माणिकरावांनी सगळं सांगून टाकलं. "मॅडम, मी हस्तकलेचा मास्तर नाही. मी कवायत शिकवतो. अर्जात व्यायाम नव्हता म्हणून हे लिहिलं. या वस्तू मात्र खऱ्या आहेत, यांनीच केल्या. शिकवल्या त्या कमलीबाईंनी."

मॅडमनी खाली पडलेला उशीचा अभ्रा उचलला, उलटा करून पाहिला. "काम छान आहे," त्या म्हणाल्या. "आणि तुमची अडचण मोठी नाही. या महिन्यापासून अर्जात व्यायाम आला आहे. जगदेव, नवा अर्ज द्या. आत्ताच बदलून देते. व्यायाम वर्ग, प्रशिक्षक माणिकराव खंडारे."

माणिकरावांना कानांवर विश्वास बसेना. फलक बदलणार होता. किराणावाल्याला तो वाचायला लागणार होता.

"फक्त एका सभागृहात एकच वर्ग," मॅडम पुढे म्हणाल्या. "हे हस्तकलेचं मग बंद करावं लागेल."

जगदेवांनी नवा अर्ज पुढे केला, वर पेन ठेवलं. माणिकरावांनी पेन घेतलं. त्यांनी सहज बाजूला पाहिलं, तर कमलीबाई खाली बसून सुया गोळा करत होत्या. एकेक सुई फडक्यात खोचत होत्या, उरलेले आरसे डबीत टाकत होत्या. कोणी त्यांना आवरायला सांगितलं नव्हतं. मुकादमाने येऊ नको सांगितलं तेव्हाही बहुधा त्यांनी असाच कोयता पुसून ठेवला असेल, असं माणिकरावांच्या मनात आलं, आणि मग ते काही केल्या मनातून जाईना.

त्यांनी पेन परत ठेवलं.

"मॅडम, हस्तकलाच राहू द्या."

"पण तुम्हाला हस्तकला येते का?"

"शिकतोय," माणिकराव म्हणाले. "प्रशिक्षकाच्या जागी कमलीबाई आडे लिहा. माझं नाव खाली घ्या, शिकणाऱ्यांत. कवायत आम्ही बाहेर ओट्यावर करू, त्याला कागद लागत नाही."

जगदेव काहीतरी नियम सांगायला तोंड उघडत होते. बाबूसिंग त्यांच्या शेजारी नुसते जाऊन उभे राहिले. जगदेवांनी तोंड मिटलं आणि कागदावर खाडाखोड केली.

मॅडम गेल्यावर कमलीबाई कात्री घेऊन आल्या. माणिकरावांपुढे उकिडव्या बसल्या, गुडघ्यावरचं कापड उलटसुलट करून पाहिलं, आरसा नखाने हलवून पाहिला, दोरा ओढून पाहिला. माणिकरावांनी सवयीने विचारलं, "उसवू का?"

"नाई," कमलीबाई म्हणाल्या. "हा टाका पक्का बसला. हा नाई तोडाचा."

आणि त्यांनी टाक्याभोवतीची ट्रॅकपँटच कापली, चांगली वीतभर गोल.

भर बाजारातून माणिकराव उघड्या गुडघ्याने घरी आले. किराणावाला बघत होता, बघू दिलं. बेबीताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी गुडघ्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"काय झालं वो?" त्यांनी विचारलं.

"पास झालो," माणिकराव म्हणाले आणि जेवायला बसले.